घरातून जग दिसते, जगातून घर दिसत नाही

कसारा लोकल टिटवाळा सोडते आणि इमारती विरळ होऊ लागतात. पुढचे स्टेशन खडवली. मुंबई-ठाण्याच्या लोकांना हे नाव भातसा नदीमुळे आणि पावसाळी सहलींमुळे माहीत असते. तिथे राहणाऱ्यांना मात्र दुसरेच गणित माहीत असते. कल्याणपर्यंत गाड्यांची रीघ आणि त्यापुढे कसाऱ्याची गाडी चुकली की पुढचीची वाट पाहत बसणे. डोंबिवलीहून अंतर फार नाही, पण रात्री नऊ वाजता आईने फोन उचलला नाही, तर ते अंतर फार मोठे असते.

असेच एक घर डोळ्यांपुढे आणा. स्टेशनपासून रिक्षाने दहा मिनिटांवर. सत्त्याहत्तर वर्षांची आई एकटी राहते. मुलगी डोंबिवलीत, मुलगा पुण्यात. आईला रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत, गुडघे दुखतात आणि मागच्या पावसाळ्यात मोरीत एकदा पाय घसरला होता. हाड मोडले नाही, पण मुले घाबरली. हॉलमध्ये कॅमेरा बसवला, चित्रण साठवणारी पेटी टीव्हीच्या खाली ठेवली आणि इंटरनेट घेतले. नेटवाला मुलगा आला, त्याने मुलीच्या मोबाइलवर चित्र दाखवले आणि म्हणाला, "झालं बघा ताई." मुलगी समाधानाने घरी निघाली. डोंबिवलीत पोचून तिने ॲप उघडले तर गोल गोल फिरणारे चाक, आणि मग 'डिव्हाइस ऑफलाइन'. तिने आईला फोन केला. आई म्हणाली, "अगं, इथे नेट अगदी छान चाललंय. मोबाइलवर मालिका बघतेय मी."

दोघीही खरे बोलत होत्या. घरातून बाहेर सगळे उघडत होते, बाहेरून घर उघडत नव्हते. अशा तक्रारी घरोघरी असतात आणि बहुतेक वेळा त्यांचे खापर कॅमेऱ्यावर फुटते. कॅमेरा बदलला जातो. दुखणे तसेच राहते.

राउटरची ही दुरुस्ती आरोग्याच्या पानावर कशाला, असे कुणाला वाटेल. कारण पडल्यानंतर माणूस किती वेळ जमिनीवर राहिला, यावर पुढचे बरेच काही अवलंबून असते. वयस्कर माणूस पडतो, हाड मोडलेले नसले तरी स्वतःच्या बळावर उठता येत नाही. एकाच कुशीवर तासन्‌तास पडून राहिल्याने त्या बाजूच्या स्नायूंवर दाब येतो, स्नायूंच्या पेशी फुटतात, त्यांतला मायोग्लोबिन नावाचा पदार्थ रक्तात उतरतो आणि मूत्रपिंडांवर ताण आणतो. लघवी चहासारखी काळपट होते. त्यात पाणी प्यायलेले नसते, औषधांची वेळ चुकते, त्वचेला दाबाच्या जखमा होतात, छातीत कफ साठून न्यूमोनिया होऊ शकतो. १९८१ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आलेल्या एका अभ्यासात, पडल्यावर तासाहून अधिक वेळ जमिनीवर राहिलेल्या वृद्धांपैकी निम्मे सहा महिन्यांच्या आत दगावले होते. अभ्यास छोटा होता आणि अशी माणसे आधीच अशक्त असतात, हे लक्षात घेतले तरी आकडा विसरता येत नाही. म्हणून बाहेरून घर दिसणे ही काही घरांत चैनीची बाब नसते. आणि ते दिसत नसताना दिसते आहे असे समजून निर्धास्त राहणे सर्वांत वाईट.

आता बिघाडाकडे. इंटरनेटवरच्या प्रत्येक यंत्राला पत्ता लागतो, त्याला आयपी ॲड्रेस म्हणतात. आजही मोठ्या प्रमाणावर वापरली जाणारी पत्त्यांची जुनी पद्धत, आयपीव्ही४, एकूण सुमारे ४२९ कोटी पत्ते देऊ शकते. ती ठरली तेव्हा संगणक विद्यापीठांत आणि प्रयोगशाळांत होते, आणि एवढे पत्ते कधी संपतील असे वाटण्याचे कारण नव्हते. आज एकट्या भारतात १४० कोटींहून अधिक माणसे आहेत आणि एकेका घरात पाच-सात यंत्रे. ३ फेब्रुवारी २०११ रोजी जगाच्या मध्यवर्ती साठ्यातले शेवटचे मोठे गठ्ठे वाटून झाले. आशिया-पॅसिफिक विभागाने त्याच वर्षी १५ एप्रिलपासून हात आखडता घेतला. आपल्याकडे घराघरांत ब्रॉडबँड पोचले ते बहुतांशी त्यानंतर. म्हणजे पंगत बसेपर्यंत वाढप संपत आले होते.

टंचाईवरचा उपाय त्याआधीच, १९९४ मध्ये, मांडला गेला होता. त्याला नॅट म्हणतात. मोठ्या गृहसंकुलाचा वॉचमन आठवा. संकुलाचा पत्ता एक, आत घरे शंभर. तुम्ही बाहेरून जेवण मागवता तेव्हा वॉचमन वहीत नोंद करतो की अमुक घराने अमुक ठिकाणाहून मागवले आहे. डबा आला की तो वही पाहून बरोबर घरी पाठवतो. पण कुणी न बोलावता फाटकाशी आला आणि नुसते "आत जायचंय" म्हणाला, तर वहीत नोंद नसल्याने तो परत जातो. घरातला राउटर हेच काम करतो. आतल्या मोबाइलने, टीव्हीने, कॅमेऱ्याच्या पेटीने बाहेर काही मागितले तर उत्तर आत येते. बाहेरून आपणहून येणाऱ्याला फाटक बंद. खडवलीतल्या आईची मालिका चालते, कारण ती तिने मागवलेली असते. डोंबिवलीतल्या मुलीची हाक परत जाते, कारण आतून तिला कुणी बोलावलेले नसते.

घरातल्या वॉचमनला सांगून ठेवता येते की अमुक क्रमांकाच्या दारावर कुणी आले तर थेट कॅमेऱ्याच्या पेटीकडे पाठव. याला पोर्ट फॉरवर्डिंग म्हणतात. पण अलीकडे अनेक कंपन्यांनी आणखी एक वॉचमन बाहेर, मुख्य रस्त्यावर, उभा केला आहे. शेकडो ग्राहकांना मिळून एकच खरा सार्वजनिक पत्ता आणि त्यांच्यात वाटणी करणारे कंपनीचे यंत्र. हे सीजी-नॅट. त्यासाठी एप्रिल २०१२ मध्ये १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचे पत्ते खास राखून ठेवले गेले. तुमचा वॉचमन तुमचे ऐकतो. रस्त्यावरचा ऐकत नाही. घरातल्या राउटरवर कितीही दारे उघडा, हाक तिथपर्यंत पोचतच नाही.

निदान करताना डॉक्टर जवळून सुरुवात करून दूर जातात, आणि एका वेळी एकच गोष्ट तपासतात. इथेही तसेच. आधी घरात बसून, घरच्याच वाय-फायवर, कॅमेरा उघडतो का ते पाहायचे. उघडत नसेल तर प्रश्न पेटीचा, वायरचा किंवा पासवर्डचा. पुढचे काही वाचण्याची गरज नाही. उघडत असेल तर मोबाइलचे वाय-फाय बंद करून, मोबाइलच्या डेटावर पुन्हा उघडून पाहायचे. ही एवढीच चाचणी नेटवाल्या मुलाने केली असती तर संध्याकाळचा मनस्ताप टळला असता. त्याने चित्र दाखवले ते घरातल्या वाय-फायवर, म्हणजे फाटकाच्या आत उभे राहून. त्यावरून बाहेरचे काहीच कळत नाही. कॅमेरा, घंटा, सेन्सर, काहीही बसवून घ्याल तेव्हा पैसे देण्याआधी वाय-फाय बंद करून दाखवायला सांगा. उलटाही गोंधळ होतो. काही राउटर असे असतात की घरात बसून घराचाच बाहेरचा पत्ता टाकला तर उघडत नाही, पण बाहेरून व्यवस्थित उघडतो. तिथेही खरी तपासणी बाहेरूनच.

तिसरी पायरी पत्ते ताडून पाहण्याची. राउटरच्या पानावर (ते बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ वर असते, डब्याच्या तळाशी चिकटवलेल्या कागदावर लिहिलेले असते) 'वॅन' किंवा 'इंटरनेट' या शीर्षकाखाली एक आयपी ॲड्रेस दिसतो. तो लिहून घ्यायचा. मग त्याच वाय-फायवरून 'माझा आयपी ॲड्रेस काय' हे सांगणारे कुठलेही संकेतस्थळ उघडायचे. जुन्या पद्धतीचे, म्हणजे टिंबांनी तोडलेल्या चार आकड्यांचे पत्ते एकमेकांशी जुळले तर बाहेर दुसरा वॉचमन नाही. काम घरातच आहे. जुळले नाहीत आणि राउटरवरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांपैकी किंवा १० ने सुरू होणारा असेल, तर बहुधा सीजी-नॅट. तो १९२.१६८ ने सुरू होत असेल तर अनेकदा कारण घरातच सापडते. कंपनीच्या फायबरच्या डब्याला मुलाने पुण्याहून आणलेला चांगला राउटर जोडलेला असतो आणि दोन्ही डबे वॉचमनकी करत असतात. अशा वेळी कंपनीला सांगून पहिला डबा 'ब्रिज मोड'मध्ये टाकून घ्यायचा, म्हणजे तो नुसता वायरीसारखा वागतो, आणि मग पुन्हा पत्ते ताडायचे.

पत्ते जुळले, पोर्ट फॉरवर्डिंग केले, दोन दिवस चालले आणि तिसऱ्या दिवशी बंद पडले, अशीही तक्रार असते. ही बहुधा वीज जाऊन आल्यावर सुरू होते. राउटर पुन्हा चालू झाला की कंपनी त्याला बाहेरचा नवा पत्ता देऊ शकते आणि राउटर आतल्या पेटीला नवा देऊ शकतो. बाहेरच्यासाठी डीडीएनएस नावाची सोय असते. पत्ता बदलला तरी नाव तेच राहते. आतल्यासाठी राउटरमध्ये पेटीचा पत्ता कायमचा बांधून ठेवावा लागतो. पावसाळ्यात वीज ये-जा करते अशा ठिकाणी हे दोन्ही आधीच केलेले बरे.

या सगळ्यात स्पीड टेस्टचा काही उपयोग नाही. ग्राहकसेवेला फोन केला की पहिल्यांदा तीच करायला सांगतात. शंभर एमबीपीएसचा आकडा येतो आणि "सर, तुमचं कनेक्शन ओके आहे" असे उत्तर मिळते. रक्तदाब उत्तम आहे म्हणून मनगट मोडलेले नाही असे होत नाही. कंपनीला प्रश्न नेमका विचारावा: आमच्या कनेक्शनला पब्लिक आयपी आहे की सीजी-नॅट? आणि सीजी-नॅट असेल तर पब्लिक आयपी मिळेल का, किती पैशांत? बऱ्याच कंपन्या जादा पैसे घेऊन स्थिर पत्ता देतात, काही घरगुती ग्राहकाला देतच नाहीत. मोबाइल नेटवर्कवर चालणाऱ्या वायरलेस ब्रॉडबँडला तर बहुधा सीजी-नॅटच असतो.

पण स्थिर पत्ता विकत घेऊन दार उघडे करणे, हा उपाय शक्य असला तरी आईच्या घरासाठी तो पहिला उपाय नव्हे. उघडे दार फक्त मुलीला दिसत नाही. इंटरनेटवर दिवसरात्र उघडी दारे शोधत फिरणारे प्रोग्रॅम असतात. २०१६ मध्ये 'मिराई' नावाच्या घातक प्रोग्रॅमने जगभरातले लाखो कॅमेरे, रेकॉर्डर आणि राउटर ताब्यात घेतले. त्यासाठी त्याने फार हुशारी केली नव्हती. कारखान्यातून येतात ती साठेक ठरावीक नावे आणि पासवर्ड तो एकामागून एक टाकून पाहत असे. लोकांनी ते बदललेलेच नव्हते. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी 'डिन' या कंपनीवर अशाच बळकावलेल्या यंत्रांकडून हल्ला झाला आणि अमेरिकेतली अनेक मोठी संकेतस्थळे काही तास बंद पडली. म्हणजे कुणाच्या तरी आजीवर लक्ष ठेवणारा कॅमेरा दुसऱ्याच कामाला जुंपला गेला आणि घरच्यांना पत्ताही लागला नाही. राउटरमध्ये 'यूपीएनपी' नावाची एक सोय असते, ती चालू असेल तर आतली यंत्रे मालकाला न विचारता स्वतःच दारे उघडून घेतात. गरज नसेल तर ती बंद ठेवावी.

त्यापेक्षा सोपा मार्ग वॉचमनच्या स्वभावातच आहे. तो बाहेर जाणाऱ्याला अडवत नाही. मग घरातल्या पेटीनेच बाहेर जाऊन एका मध्यस्थाकडे थांबायचे, मुलीच्या मोबाइलनेही तिथेच जायचे आणि दोघांची भेट तिथे व्हायची. आजकालचे बरेचसे घरगुती कॅमेरे कंपनीच्या सर्व्हरमार्फत असेच चालतात. पेटीच्या सेटिंगमध्ये 'क्लाउड' किंवा 'पी२पी' असा पर्याय असतो, तो अनेकदा बंदच राहिलेला असतो. खडवलीसारख्या घरात आधी तो तपासावा. यात आपले चित्र तिसऱ्याच्या दारातून जाते, म्हणून पासवर्ड लांब ठेवावा आणि ओटीपीची दुहेरी खात्री चालू करावी. ज्यांना तिसरा नको त्यांच्यासाठी खासगी व्हीपीएन आहे, पण ते जमवायला घरात एखादा जाणकार हवा. आयपीव्ही६ या नव्या पद्धतीत पत्त्यांची टंचाईच नाही, तिथली पत्त्यांची संख्या एकोणचाळीस अंकी आहे आणि भारतात २०१६ नंतर ती झपाट्याने पसरली. तरी राउटरची सुरक्षा भिंत तिथेही बाहेरच्याला अडवतेच, आणि अडवायलाच हवे.

बहुतेक घरगुती वैद्यकीय साधने याच बाहेर जाण्याच्या रीतीने चालतात, ही गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. पेसमेकरची माहिती पाठवणारा घरातला मॉनिटर, झोपेत श्वास अडकणाऱ्यांचे सीपॅप यंत्र, साखर मोजणारा सेन्सर ही साधने आपली नोंद आपणहून बाहेर पाठवतात, स्वतःच्या सिमवरून, मोबाइलमधून किंवा वाय-फायवरून. त्यांना बाहेरून कुणी हाक मारावी लागत नाही. त्यामुळे सीजी-नॅटने त्यांचे सहसा काही बिघडत नाही आणि त्यांच्यासाठी राउटरचे दार उघडण्याची गरज नसते. ती गप्प झाली तर कारण दुसरे असते. कुणीतरी राउटर बदलला आणि वाय-फायचे नाव-पासवर्ड बदलले, की घरातली अशी सगळी साधने एकदम मुकी होतात. अनेक लहान साधनांना फक्त २.४ गिगाहर्ट्‌झचे वाय-फाय समजते, ५ चे नाही. नवा राउटर आला की जुनेच नाव आणि जुनाच पासवर्ड द्यावा; पासवर्ड कारखान्याचा असेल तर मात्र याच वेळी बदलून सगळी साधने पुन्हा जोडावीत. आणि पेसमेकरच्या मॉनिटरबाबत एक गैरसमज काढायला हवा. त्याने पाठवलेली नोंद कुणीतरी त्याच क्षणी बसून पाहत असते असे नाही. ती सवडीने, कामाच्या वेळेत तपासली जाते. छातीत दुखू लागले तर मॉनिटरकडे नव्हे, दवाखान्याकडे जायचे.

खडवलीच्या घरात शेवटी 'पी२पी' चालू केल्यावर चित्र दिसू लागले, असे समजू. चौथ्या दिवशी ते पुन्हा काळे. मुलीने पुन्हा सगळ्या पायऱ्या केल्या. शेवटी शेजारच्या काकू डोकावून आल्या तेव्हा कळले की आईने कॅमेऱ्यावर टॉवेल टाकला आहे. "तुम्ही मला दिसत नाही, मग मीच तुम्हाला का दिसायचं?" आईचे म्हणणे. ते चुकीचे नाही. मोठ्या माणसाच्या घरात कॅमेरा लावताना त्याला विचारणे, तो कुठे पाहतो आणि कोण पाहते हे सांगणे, झोपायच्या खोलीत आणि मोरीच्या दिशेने तो न लावणे, हे आधी व्हायला हवे होते. शिवाय पडणे बहुधा मोरीत, रात्री उठताना, कॉटपाशी होते. नेमके तिथे कॅमेरा नसतो, नसावाही. तिथे भिंतीला पकडायची दांडी, पायाखाली न घसरणारी चटई आणि रात्रभर जळणारा छोटा दिवा लागतो. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्याचा दाब बसून आणि उभे राहून असा दोन्ही वेळा मोजायला हवा, कारण उठताक्षणी दाब उतरून तोल जाणे हे पडण्याचे एक नेहमीचे कारण आहे. एवढे तपासायला इंटरनेट लागत नाही.

राउटर आणि फायबरच्या डब्यासाठी बारा व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो, वीज गेल्यावर काही तास दोन्ही चालू राहतात. घेताना डब्याच्या अडॅप्टरवर लिहिलेले व्होल्ट आणि अँपिअर जुळवून घ्यावेत. १०८ हा रुग्णवाहिकेचा क्रमांक मोठ्या अक्षरांत फ्रिजवर चिकटवावा. घराची एक किल्ली शेजारच्या काकूंकडे ठेवावी, आणि दाराला आतून कडी न घालता बाहेरून किल्लीने उघडेल असे कुलूप बसवावे, नाहीतर किल्ली असून काकू दाराशी उभ्या. मग ठरवून घ्यावे. सकाळी आठ वाजता मुलीचा फोन. आई दोनदा उचलत नाही असे झाले तर ॲप उघडत न बसता आधी काकूंना फोन.